डावी बाजू

३ फेब्रुवारी, मंगळवार

पोटात साचलेलं घरात कुणाला सांगता येत नाही, म्हणून ही वही. आई असती तर तिला सांगितलं असतं. आता घरात आम्ही तिघंच: मी, धाकटा भाऊ आणि त्याची बायको. आणि सांगायचंय ते तिच्याबद्दलच.

आज पेपरात आमच्या अल्बमबद्दल छापून आलं. अकरा वर्षं आम्ही दोघी जोडीने गातो. पोस्टरवर ‘नणंद-भावजय’ एवढंच असतं आणि लोक तेवढ्यावर येतात. माझा आवाज खालचा, जाड, भरलेला. तिचा वरचा, तारेसारखा बारीक. लग्न होऊन आली त्याच वर्षी मी तिचं नाव चिमणी ठेवलं, आता सगळेच तिला चिमणी म्हणतात. तर समीक्षक लिहितो, ‘धाकटीचा आवाज उडतो आणि थोरलीचा आवाज त्याला जमीन देतो.’ भावाने चहा पिता पिता मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणाला, “ताई, काय सुंदर लिहिलंय ना दोघींबद्दल!”

दोघींबद्दल! उडणाऱ्याकडे लोक मान वर करून बघतात. जमिनीवर पाय देतात.

चिमणी म्हणाली, “जमीन नसेल तर उडून बसायचं कुठे?” गोड बोलायला तिला शिकवावं लागत नाही. बाकी सगळं मात्र मी शिकवलं. गॅलरीत कपडे वाळत घालताना ती गुणगुणायची. एक दिवस मी स्वयंपाकघरातून तिच्या सुराखाली माझा सूर धरला, तर दचकून थांबली. श्वास कुठे घ्यायचा, शब्द कुठे सोडायचा, टाळ्या पडत असताना हातांचं काय करायचं, सगळं मी. पेपरवाल्याला हे कोण सांगणार?

९ फेब्रुवारी

तालमीला आज नवीनच. अकरा वर्षं ती माझ्या उजवीकडे उभी राहते. आज आपली गुपचूप डावीकडे येऊन उभी राहिली. म्हटलं, “हे काय?”

“इथून बरं वाटतं मला, ताई.”

बरं वाटणारच. आपल्या नेहमीच्या हॉलमध्ये दिवा डावीकडून पडतो. फोटो काढणाराही त्याच बाजूला बसतो. मी काही हलक्या कानाची नाही, पण डोळे तर शाबूत आहेत ना.

कीबोर्डवाल्याने पट्टी अर्ध्या सुराने उतरवली. कुणाला विचारून? तर चिमणीकडे बोट. ती म्हणे, “माझा घसा बसलाय.” घसा बसलेली बाई तासभर माझ्या भावाशी फोनवर हसत होती.

२१ फेब्रुवारी

वाचनालयाच्या सभागृहात कार्यक्रम झाला. गर्दी चांगली. हल्ली तिने नवा नखरा काढलाय. माझी ओळ यायची वेळ झाली की माझ्या कोपराला हात लावते. समोरच्या बायका बघून हळहळतात, “किती जीव आहे एकमेकींवर!” एकीने तर डोळे पुसले. लोकांसमोर जीव, आणि घरी आठ दिवसांत दोन शब्द धड बोलली नसेल. बोलते ते असं तोंडातल्या तोंडात की तीनदा ‘काय?’ म्हणावं लागतं. भाऊही तसाच झालाय. नवरा-बायकोला एकमेकांचे गुण लागतात म्हणतात ते खरं.

४ मार्च, बुधवार

आज जे पाहिलं ते आधी लिहून काढते.

दुसऱ्या अल्बमचं काम चालू आहे. माझी बसस्थानकावरची ड्युटी लवकर संपली म्हणून स्टुडिओत अर्धा तास आधी पोचले. काचेपलीकडे चिमणी आणि रेकॉर्डिस्ट, डोक्याला डोकं लावून. तो स्क्रीनवर काहीतरी दाखवत होता आणि नाही-नाही म्हणून मान हलवत होता. तिने चक्क त्याच्यासमोर हात जोडले. मग मी दिसले. दोघं असे उठले, जशा काही वर्गात बाई आल्या.

“काय चाललंय?”

“काही नाही ताई, तुमचंच गाणं ऐकत होतो,” चिमणी म्हणाली.

माझं गाणं ऐकायला हात कशाला जोडावे लागतात? तो म्हणाला, या वेळी दोघींचे आवाज वेगवेगळे घेऊ, सोयीचं पडतं. कुणाच्या सोयीचं ते मला कळलं. वेगवेगळे घेतले की एक काढून टाकायला सोपं.

५ मार्च

बसस्थानकावर आज एका म्हाताऱ्याशी वाजलं. सकाळी मी चौकशीच्या खिडकीत असते, दुपारनंतर घोषणा करते. त्याने गाडी विचारली, मी फलाट नऊ सांगितला. दहा मिनिटांनी लालबुंद होऊन परत आला. म्हणे मी दुसऱ्याच गावाचं विचारलं होतं, माझी गाडी गेली! तोंड उघडून बोलायला काय होतं लोकांना? शेजारच्या खिडकीतला तिकीटवाला गालातल्या गालात हसत होता.

१८ मार्च

रविवारी तिचा फोन स्वयंपाकघरात ओट्यावर पडला होता. मी हात लावला नाही. तो आपोआप उजळला आणि नजर गेली, एवढंच. म्युझिक कंपनीतल्या बाईंचा निरोप: ‘पुन्हा एकदा विचार करा. सिनेमाचं गाणं आहे. तुम्ही एकट्या आलात तर…’ पुढचं फोन उघडल्याशिवाय दिसेना.

एकट्या.

तीन दिवस वाट बघितली, सांगेल म्हणून. आज भाजी निवडता निवडता सहज विचारलं, “काय गं, नवीन काही?”

“काही विशेष नाही, ताई.”

पुन्हा म्हटलं, “कुणाचा फोन वगैरे?”

“नाही.” आणि मान खाली घालून शेंगा सोलत राहिली. इतकं धडधडीत खोटं, तेही माझ्याच घरात, माझ्याच ताटात शेंगा सोलत! अंगाचा नुसता तिळपापड झाला. रात्रीपर्यंत तिच्याशी बोलले नाही. तिला ते कळलं की नाही देव जाणे, कारण ती तरी कुठे बोलते.

२६ मार्च

सांगून टाकलं. मोठ्या नाट्यगृहातला कार्यक्रम बारा एप्रिलला आहे. तालमीत सगळ्यांसमोर म्हटलं, “सुरुवातीची दोन गाणी मी एकटी म्हणणार.”

गिटारवाला तारा पुसत बसला. चिमणीचा चेहरा पांढराफटक.

“नको, ताई.”

“का नको?”

“आपली जोडी आहे. लोक जोडी ऐकायला येतात.”

“मग थोरलीही एकटी गाऊ शकते हे त्यांना कळू दे.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगते, मला बरं वाटलं. जळली. आपण एकटीने जायचे बेत करायचे आणि दुसरीने दोन गाणी मागितली तर जीव वर-खाली! जळणं कसं असतं ते जरा तिलाही कळू दे.

१२ एप्रिल, रविवार

नाट्यगृह भरलेलं. मी एकटी माईकसमोर. पहिलं गाणं इतकं मनापासून म्हटलं की मलाच काटा आला. लोक अगदी स्तब्ध. पहिल्या रांगेतल्या बाईने तर मान खाली घातली ती वर केलीच नाही, इतकी गुंगून गेली. एका माणसाने शेजारणीकडे पाहिलं, डोळे विस्फारून. कीबोर्डवाल्याने मात्र घात केला. माझ्या प्रत्येक ओळीवर तीच ओळ ठणाठणा वाजवत होता, पहिलीतल्या मुलाला पाढे सांगावेत तशी. टाळ्या बेताच्या पडल्या. गंभीर गाण्याला तशाच पडतात.

दुसरं गाणं अर्ध्यावर आलं आणि ती आली. न बोलावता! आतून चालत आली, माझ्या डावीकडे उभी राहिली, माझा हात धरला आणि गायला लागली. माझं गाणं. माझी ओळ. लोक उठून उभे राहिले, टाळ्यांनी छत खाली येईल की काय असं झालं. सगळ्या टाळ्या तिला. मी तिच्या हातात हात देऊन हसत उभी राहिले, कारण पळून कुठे जाणार?

१३ एप्रिल

सकाळी ती चहा घेऊन आली, तर मी कप घेतला नाही. म्हटलं, “माझ्या घरात येऊन माझंच गाणं माझ्या तोंडातून ओढून घेतलंस. हा आवाज नसता तर तुला इथे विचारलं असतं का कुणी?”

तिने कप टेबलावर ठेवला. कपाशेजारी दोन थेंब सांडले होते, ते पदराने पुसत बसली.

भाऊ आंघोळीहून तसाच बाहेर आला. इतक्या वर्षांत तो माझ्यावर ओरडला नव्हता. आज ओरडला, आणि हल्ली पुटपुटणारा तो आज स्वच्छ ऐकू आला.

“ताई, तू बेसूर गातेस! वर्ष झालं! सगळ्यांना माहितीये!”

चिमणीने धावत जाऊन त्याच्या तोंडावर हात ठेवला.

बायकोचा बैल झालाय तो. तिने भरवलं, याने ओकलं. मी ड्युटीवर निघून आले आणि घोषणांच्या खोलीत बसून हे लिहितेय. बेसूर! ज्या आवाजावर हे अख्खं गाव गाड्या पकडतं तो आवाज बेसूर!

पण तिने तोंडावर हात का ठेवला? भरवलं असेल तर बोलू द्यायचं की.

१५ एप्रिल, बुधवार

रजा टाकली आणि एकटी स्टुडिओत गेले. रेकॉर्डिस्टला म्हटलं, “माझा आवाज लाव. नुसता माझा. काही न करता.”

“ताई, राहू द्या ना.”

“लाव.”

त्याने हेडफोन दिला. ऐकलं. म्हटलं, “बरोबर तर आहे. तुझा हेडफोन बिघडलाय तेवढा, उजवीकडून नुसती गुरगुर येते.” त्याने हेडफोन काढून उलटा करून माझ्या कानांवर चढवला. गुरगुर उजवीकडेच राहिली.

तो मग खुर्ची ओढून माझ्या अगदी समोर बसला, आणि लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश बोलला. “तुम्हाला कानाने पटणार नाही, म्हणून दाखवतो.” स्क्रीनवर आडव्या रेघा होत्या. म्हणाला, या रेघेवर सूर हवा. आणि हा तुमचा आवाज. एक हिरवा धागा रेघेच्या खालून चालला होता. कुठे जरासा खाली, कुठे चांगलाच. रेघेला एकदाही शिवला नाही.

“आणि हा निळा?”

“तो चिमणीचा. दोन्ही मागच्या वर्षीच्या कार्यक्रमातले.”

निळा धागाही खाली येत होता. जिथे माझा खाली, तिथे तोही खाली.

“ती का उतरते?”

“तुमच्याजवळ यायला. दोघी सारख्याच उतरल्या की लोकांना कमी खटकतं.”

मग त्याने सगळंच सांगितलं. पहिल्या अल्बममधला माझा एकेक सूर उचलून जागेवर ठेवलाय. दिवसचे दिवस ती शेजारी बसायची. चार मार्चला तो म्हणत होता, आता नाही जमणार, त्यांना सांगून टाका, आणि ती हात जोडत होती, एवढा अल्बम होऊ दे म्हणून. सिनेमाच्या गाण्याला तिने दोनदा नाही कळवलंय. ‘आम्ही दोघी असू तरच,’ असं.

“डावीकडे का उभी राहते?” माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला.

“त्या बाजूने तुम्हाला ऐकू येतं, ताई.”

१६ एप्रिल

रडावं तर रडू येत नाही. शरमेने मरायला हवं होतं. पण इथे खोटं लिहायचं तर वही आणली कशाला? काल घरी येईपर्यंत मनात एकच होतं. आवाज तिचा चांगला, आणि आता मनानेही तीच मोठी ठरली. मला निदान छळ करणारी भावजय तरी हवी होती. तेवढंही दिलं नाही तिने.

तिला काही म्हटलं नाही. तिने केलेला चहा प्यायले, एवढंच. तिला बहुतेक कळलं. ती दुसरा कप घेऊन समोर बसली आणि आम्ही दोघी खिडकीबाहेर बघत राहिलो.

२० एप्रिल

कानाच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण बोलताना तोंड समोर ठेवणाऱ्या. एका बंद खोलीत बसवून बारीकसारीक आवाज ऐकवले. ऐकू आलं की बटण दाबायचं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, “आवाज फारच थोडे होते.” त्या म्हणाल्या, “भरपूर होते.”

उजवा कान बराचसा गेलाय. जे ऐकतो तेही खऱ्यापेक्षा खालच्या सुरात ऐकतो. दोन कानांना एकच सूर दोन उंचींवर ऐकू येतो म्हणे, आणि मी गाताना उजव्यावर विश्वास ठेवत आले. डावा बरा आहे, पण वरचे बारीक आवाज त्याच्याही हातून सुटतात. यंत्र लावू म्हणाल्या. “गाणं?” मी विचारलं. “ऐकणं नक्की सुधारेल,” त्या म्हणाल्या. गाण्याचं उत्तर त्यांनी दिलं नाही आणि मी पुन्हा विचारलं नाही.

चिमणी बाहेर बाकावर होती. मी बसायला गेले तशी सरकली, मला डावा कान तिच्याकडे करून बसता येईल अशी. सवयच झालीय तिला.

२४ एप्रिल, शुक्रवार

रेकॉर्डिस्ट म्हणाला होता, कंपनी महिनाअखेरपर्यंत थांबेल, मग दुसरी गायिका घेईल. म्हणजे सहा दिवस. मी गप्प बसले तर आपोआप होईल. ती जाणार नाही. माझ्यासाठी थांबली असं म्हणणारही नाही, आणि मला माहीत आहे हे तिला कळणारही नाही. मला काही करायचं नाहीये, फक्त न बोलणं. इतकं सोपं पाप कधी समोर आलं नव्हतं.

काल दिवसभर मी न बोलून पाहिलं. आजही. तिकीटवाल्याने विचारलं, “बाई, बरं नाही का?” यंत्र अजून आलेलं नाही, पण नेमकं हे मला पहिल्या फटक्यात ऐकू आलं.

२७ एप्रिल

बोलले.

ती गॅलरीत कपडे काढत होती. म्हटलं, “सिनेमाच्या गाण्याला हो कळव.”

तिच्या हातातली चादर तशीच राहिली. “तुम्हाला कुणी…”

“ते सोड. हो कळव.”

“मला नाही जायचं, ताई.”

“का?”

चादर छातीशी धरून म्हणाली, “मला एकटीला भीती वाटते.”

“ठाऊक आहे,” मी म्हटलं. “अकरा वर्षं ठाऊक आहे. आणि वाटते त्याचा मला आनंद होता. तुला वाटत राहावी म्हणून मी कधीकधी मुद्दाम म्हणायचे, तू एकटीने उभी राहिलीस तर आवाज पातळ लागेल. आठवतंय?”

“आठवतंय.”

“ते खोटं होतं.”

ती रागावली! पहिल्यांदाच. चादर टोपलीत फेकली आणि म्हणाली, “खोटं होतं? मी दर कार्यक्रमाआधी ते आठवून रडायचे, ताई!” आणि आत जाऊन दार लावून घेतलं. तासाभराने बाहेर आली. डोळे सुजलेले. फोन माझ्यासमोर धरला. ‘येते’ एवढंच लिहिलं होतं. माझ्यासमोरच पाठवलं आणि संध्याकाळभर माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. बरं वाटलं मला. इतकी वर्षं माझ्याच एकटीच्या पोटात राग होता.

२ मे

यंत्र बसलं, डाव्या कानात. बोटाच्या पेराएवढं. घरी येताना रस्त्यावर दचकत होते. चपलांना आवाज असतो. माझ्या ड्रेसला आवाज आहे. भावाने हळूच विचारलं, “ऐकू येतंय का गं म्हातारे?” मी म्हटलं, “म्हातारी कुणाला म्हणतोस?” तो हसत सुटला आणि मग हसता हसता रडायलाच लागला.

स्थानकावर साहेबांनी मला खिडकीतून काढून पूर्ण वेळ घोषणांवर घातलंय. बोलायला कान लागत नाही म्हणे. त्यांना काय सांगणार.

९ मे, शनिवार

आज तिचं रेकॉर्डिंग झालं. मी जाणार नव्हते. निघताना ती दारात थांबून म्हणाली, “येता का?” राग पूर्ण गेला नव्हता, आवाजात कळत होतं. कळत होतं म्हणजे आता कळतं. गेले.

काचेपलीकडे ती एकटी. मी रेकॉर्डिस्टच्या शेजारी. कंपनीच्या बाई मागे कोचावर. उजव्या कानावर तळवा घट्ट दाबून धरला आणि डाव्याने ऐकायला बसले.

ती गायला लागली. मी ज्या आवाजाचा इतका हेवा करत होते तो आवाज मी हल्ली ऐकलाच नव्हता. मी ऐकत होते ते त्याचं खालचं अर्धं. वरचा सगळा भाग, ती सुराच्या टोकावर जाऊन थांबते तेव्हा तिथे जे काही लकाकतं ते, माझ्या कानांपर्यंत पोचतच नव्हतं. मला वाटलं होतं त्याहून ती कितीतरी चांगली गाते. दार उघडून निघून जावंसं वाटलं.

गाणं संपलं. बाई टाळ्या वाजवत उठल्या, “झालं! अप्रतिम!” रेकॉर्डिस्टनेही अंगठा वर केला.

मी म्हटलं, “अंतऱ्याची दुसरी ओळ उतरली.”

तो म्हणाला, “नाही ताई, छान होतं.”

“लावून बघ.”

त्याने स्क्रीनवर मोठं करून पाहिलं आणि माझ्याकडे वळून पाहत राहिला. ओळीच्या शेवटी निळा धागा रेघेखाली गेला होता, केसभर. जिच्यासाठी उतरावं अशी तिथे कुणीच नव्हती. तरी उतरली.

मी समोरचं बटण दाबून आत बोलले, “चिमणे, परत. दुसऱ्या ओळीला खाली येतेस. कुणासाठी येतेस? मी इथे बसलेय.”

ती काचेतून माझ्याकडे बघत राहिली. मग हेडफोन एका कानावरून सरकवून म्हणाली, “ताई, तुम्हाला ऐकू आलं?”

“आलं.”

ती दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली. बाई घड्याळ बघायला लागल्या. ऐकू आलं याचा मला आनंद किती झाला आणि तिची चूक सापडली याचा किती, ते लिहायचं ठरवलं होतं, पण नाही लिहीत.

तिने नाक पुसलं, पाणी प्यायलं आणि परत म्हटलं. दुसऱ्या ओळीपाशी आली. मी कानावरचा तळवा आणखी दाबला. ती उतरली नाही. सरळ वर गेली, एकटी, आणि तिथेच थांबली. मला तिचा हेवा वाटला, पोटातून, अगदी पूर्वीइतका. फक्त या वेळी कशाचा हेवा करतेय ते मला नीट ऐकू येत होतं.